उजेडाची वहिवाट

४ नोव्हेंबर, सोमवार

साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन आला. दर शनिवारी एक सदर लिहायचं: कायद्यातला एक शब्द घ्यायचा आणि साध्या माणसाला तो फोडून सांगायचा. "लोक कायद्याला भीत नाहीत हो, त्याच्या भाषेला भितात," असं ते म्हणाले. अट एकच, लेख आधी माझ्या आईला वाचून दाखवायचा. तिला कळला तरच छापणार. एकदा दस्त करायला ते घरी आले होते, तेव्हा आईने त्यांना पाय पुसायला परत बाहेर पाठवलं होतं. तेव्हापासून तिच्यावर त्यांचा फार विश्वास.

मी हो म्हणून बसले. आयुष्यभर मी दस्तच लिहिले. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोड. कोर्टात उभी राहिले की आवाज घशातच राहायचा. न्यायाधीश म्हणायचे, "बाई, कोर्टालाही ऐकू येऊ द्या." म्हणून मग टेबलाशी बसून लिहिणं बरं वाटू लागलं, ते वाटतच राहिलं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "लिही की. पण माझं ऊन गेल्यावर वाचायचं नाही. मला मग काही सुचत नाही."

आईचं ऊन म्हणजे आमच्या मधल्या खोलीतला कवडसा. भिंतीवर घड्याळ आहे, पण आईचा त्याच्यावर विश्वास उरलेला नाही. दोन काटे आणि दोघांचं आपसात पटत नाही, असं ती म्हणते. जेवणं झाली की समोरच्या काचवाल्यांच्या बैठ्या दुकानावरून ऊन आमच्या खिडकीत येतं. फरशीवरून सरकत खाटेवर आलं की चहा. कपाटावर चढलं की गोळी. दाराजवळच्या आरशाला टेकलं की ते उडी मारून छतावर जातं आणि आई म्हणते, "चला, संपला दिवस." तिची आठवण आता जागोजागी विरलीय, पण तेवढ्या दुपारपुरती ती जशीच्या तशी असते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पहिला शब्द छापून आला: ताबा. मी लिहिलं होतं की मालकी कागदावर असते आणि ताबा हातात असतो, दोन्ही एकाकडेच असतील असं नाही. आईला हे पटेना. तिने स्वतःची व्याख्या केली. "मांजर ज्याच्या मांडीवर बसलंय त्याचा ताबा. मालकी मांजराची." संपादकांनी माझा परिच्छेद गाळून तिचाच छापला.

दुपारी काचवाले कात्रण घेऊन वर आले. समोर त्यांचं दुकान आणि पुढे आवार, तिथे भिंतीला टेकवून काचांचे तावच्या ताव उभे. त्यांनी एखादा ताव उचलला की आमच्या छतावर उजेडाचे तुकडे पोहत जातात. इतकी वर्षं शेजार आहे, पण ते कधी उंबऱ्याच्या आत येत नाहीत. कपड्यांना काचेचा भुगा असतो म्हणतात.

"वकीलबाई, समजलं बरं का मला," दारातूनच म्हणाले. "पण तो मांडीचा भाग पुन्हा एकदा सांगा."

मी पुन्हा सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतला, आईला "येतो काकू" म्हटलं आणि गेले. एवढ्यासाठी दोन जिने चढून आले! रिकामपण आलेलं दिसतंय. त्यांची बायको जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

शब्द: सज्ञान आणि अज्ञान. वयात आलेला तो सज्ञान, न आलेला तो अज्ञान, आणि अज्ञान माणसाची सही चालत नाही, त्याच्यासाठी कुणीतरी पालक लागतो. आईने सगळं ऐकलं आणि बराच वेळ चादरीची कड चाचपत राहिली.

"म्हणजे मी आता परत अज्ञान झाले का गं?"

मी म्हटलं, काहीतरीच काय. मग स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी विसळली. त्यातली धुतलेलीच जास्त होती.

लेख कळल्याची पावती म्हणून संध्याकाळी तिने मला हाक मारली, "सदर चहा गार झालेला आहे." हे 'सदर' तिने माझ्याच एका दस्तातून उचललंय.

२ डिसेंबर, सोमवार

काचवाले आज कात्रणाशिवाय आले. मुलाचं लग्न ठरलंय. दुकानावर दोन मजले चढवायचे आहेत, खालच्यात मुलगा-सून आणि वरच्यात ते स्वतः. गवंडी पुढच्या आठवड्यात येणार. "सांगून ठेवलं. उद्या म्हणायला नको, शेजारी असून कळवलं नाही."

मी अभिनंदन केलं. अभिनंदन करतानाच माझी नजर खिडकीकडे गेली. दोन मजले म्हणजे आमची खिडकी झाकून वरती तिच्याएवढीच आणखी भिंत. त्यांचीही नजर तिकडे गेली असावी, कारण ते एकदम निघून गेले.

मागे तीन दिवस आभाळ भरून होतं तेव्हाचं विसरले नाहीये मी. ऊन नाही म्हणून आईला दुपार सापडेना. ताट पुढे ठेवलं की विचारायची, "आत्ताच तर उठले ना मी?" तिसऱ्या दिवशी मला मावशीच्या नावाने हाक मारली आणि माझी मुलगी शाळेतून अजून आली नाही, असं माझ्याचकडे रडून सांगितलं. मी समोर उभी होते. चौथ्या दिवशी ऊन आलं तेव्हा तीही परत आली.

हे ऊन कायमचं गेलं तर ती परत यायची कुठून? मला भीती वाटते. इथे लिहायला काय लाज.

५ डिसेंबर, गुरुवार

आज मी कायद्याच्या प्रेमात पडले, इतक्या उशिरा!

या आठवड्याचा शब्द: वहिवाट. दुसऱ्याच्या जागेचा काही उपयोग वर्षानुवर्षं करत राहिलं की तो उपयोगच एक दिवस हक्क होऊन बसतो. शेजारच्या आवारातून पडलेली पायवाट. आपल्या छपराचं त्याच्या बाजूला वाहणारं पाणी. आणि त्याच्या मोकळ्या जागेवरून आपल्या खिडकीत येणारा उजेड! वीस वर्षं हा उजेड विनातक्रार, उघडपणे, अखंड आणि हक्काने घेतला असेल, तर शेजाऱ्याला तो अडवता येत नाही. आम्हाला इथे येऊन वीसच्या वर किती तरी वर्षं झाली. मी इतरांची खतं लिहीत बसले आणि माझ्याच घरात, मला न विचारता, हा एक हक्क रोज दुपारी थोडा थोडा साठत होता.

लिहिताना खोलीभर ऊन होतं. शब्द कागदावरून उठून त्या उन्हातल्या धुळीबरोबर तरंगताहेत असं वाटलं. विनातक्रार. उघडपणे. अखंड. असं काय असतं माणसाच्या आयुष्यात, जे या तिन्ही शब्दांना पुरेल? मला तरी आठवेना.

आई कपाळाशी हात नेऊन पुटपुटत होती. उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली की ती नेहमीच असं करते. गंमत म्हणजे खाली आवारात काचवालेही नेमके त्याच वेळी हात वर करतात. त्यांनाही तीच तिरीप लागत असणार.

६ डिसेंबर, शुक्रवार

आईला लेख वाचून दाखवला. तिला सगळा कळला. फारच कळला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण आपण तर विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"ऊन. इथं राहायला आलो त्या दिवशी. दुसऱ्याच्या छपरावरून यायचं, न विचारता कसं घ्यायचं? मी खिडकीतूनच म्हटलं, 'अहो, तुमच्यावरून आमच्याकडे ऊन येतंय, चालेल ना?' तो पोरगा हसला. म्हणाला, 'न्या की काकू.' तो काचवाल्याचा पोरगा, आता बापाच्या जागी बसतो तोच." मग माझ्याकडे पाहून तिने समजूत काढल्यासारखं सांगितलं, "फुकट नाही घेत आपण. रोज सांगते मी त्याला. बरं हं, ऊन घेतलं तुमचं, म्हणून. तोही हात करतो."

म्हणजे ती तिरीप नव्हती.

परवानगीने घेतलेल्या गोष्टीचा हक्क होत नाही. वीस वर्षं घ्या नाही तर दोनशे. जो विचारून घेतो तो पाहुणाच राहतो. लेखाचा दुसरा भाग नेमका याच्यावर होता, तो मला अजून वाचायचा होता. वाचला नाही.

७ डिसेंबर, शनिवार

काल मी लेखाचा पहिलाच भाग पाठवला. जागा कमी पडली असं संपादकांना सांगितलं. जागा भरपूर होती.

मनात दिवसभर खटला चाललाय. वादी मी, प्रतिवादी मी, आणि आवाज दोघींनाही फुटत नाही. ऊन काही त्यांच्या मालकीचं नव्हतं, मग त्यांची परवानगी ती कसली? पण परवानगी उन्हाची नव्हे, न अडवण्याची होती, हे मलाही कळतं. बरं, साक्षीदार कोण? आई. आणि आईची साक्ष कोण मानणार, तिला तर मी सुद्धा अधूनमधून मावशी वाटते. दुसरे साक्षीदार खुद्द काचवाले. त्यांना आठवत असेल कशावरून? आणि आठवलं तरी त्या एका हसण्यात कायद्याची काय गोष्ट दडलीय, हे मी सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

मी सांगितल्याशिवाय. हे सदर कशासाठी चालू केलं होतं बरं?

१४ डिसेंबर, शनिवार

काचवाले कात्रण घेऊन आले आणि चक्क आत बसले. खुर्चीवर आधी वर्तमानपत्र अंथरलं.

"विनातक्रार म्हणजे मी तक्रार केली नाही, असंच ना?"

"हो."

"उघडपणे म्हणजे मला दिसत होतं."

"हो."

"दिसत तर होतंच," ते म्हणाले आणि आरशाकडे बघत राहिले. ऊन तेव्हा कपाटावर होतं. "म्हणजे वकीलबाई, हक्क तुमचाच झाला. बरं झालं, वेळेवर वाचलं."

मी मान हलवली.

ते गेल्यावर गवंड्यांना परत पाठवल्याचं कळलं. माणूस वरकरणी गोड बोलतो आणि आतून वकील गाठतो, असे खूप पाहिलेत मी. दाव्याची तयारी चाललेली असणार.

२८ डिसेंबर, शनिवार

दावा नाही, नोटीस नाही. पण खालच्या आवारातून मुलाचा आवाज वर येतो. "एका खोलीत पडदा लावून संसार करू का? आम्ही दुसरीकडे बघतो मग." काचवाल्यांचं उत्तर ऐकू येत नाही, फक्त काच कापल्याचा बारीक आवाज. बाप-लेकाचा एकत्र धंदा आहे. लेक गेला तर मोठे ताव उचलायला दुसरा हात कुठून आणणार?

आज आरशावरून कवडसा छतावर उडाला तेव्हा आई म्हणाली, "त्यांचं काहीतरी बिनसलंय. आज हात केला नाही त्याने."

मला एकदम माझीच शिसारी आली. आईने एवढ्या वर्षांत उन्हाचा एक तुकडाही न सांगता घेतला नाही, आणि तिच्यासाठी म्हणून मी अख्खा सूर्य लंपास करायला निघाले होते. दुसरा भाग काढला. त्यातला मजकूर थोडा सोपा केला आणि पाठवून दिला.

४ जानेवारी, शनिवार

छापून आला. मथळा: 'परवानगी'. शेवटचं वाक्य असं: आभार मानणारा कधी हक्कदार होत नाही, आणि याला कायद्याचा दोष म्हणायचं की आभाराचा मोठेपणा, हे वाचकांनी ठरवावं. आई म्हणाली, कळलं, पण शेवट जरा आगाऊ आहे.

काचवाले लगेच आले. वर्तमानपत्र न अंथरताच बसले.

"तुम्ही स्वतःच्या विरुद्ध लिहिलंत."

"कायदा आहे तसा लिहिला. आधी अर्धाच लिहिला होता, ती माझी चूक. तुम्ही मजले चढवा. आमचा काही हक्क पोचत नाही. आईने तुम्हाला विचारलं होतं."

"ठाऊक आहे मला."

"आठवतं तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? काकू खिडकीत होत्या. तुम्ही खाली सामानाच्या गाडीपाशी, हातात तो आरसा." त्यांनी दाराकडे बोट केलं. "उतरवताना तडकला होता. तुम्ही तो असा आडवा धरून जिना चढत होतात आणि त्यात आभाळ दिसत होतं. मी दुसऱ्या दिवशी काच बदलून दिली."

मला यातलं काहीच आठवत नाही! आरसा तेवढा ओळखीचा आहे. काचेच्या धंद्यातली माणसं काच विसरत नाहीत, हेच खरं.

"मग आठवत होतं तर गवंड्यांना परत का पाठवलं?"

ते उठले, कपडे झटकू लागले, मग आपण आत आहोत हे ध्यानात येऊन थांबले. "तुम्ही म्हणालात ना, हक्क आहे म्हणून."

१२ जानेवारी, रविवार

गवंडी परत आले. आईला सांगावंच लागलं. सांगताना मी दहादा अडखळले. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"ते तू लिहितेस ना, राजीखुशीने आणि कसलंसं?"

"राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने."

"हां. तसं लिही. पुष्कळ वापरलं, आता परत केलं. त्यांच्या सुनेला होऊ दे." मग जरा वेळाने, "अक्कलहुशारी राहू दे. राजीखुशीने एवढंच लिही. खोटं नको."

मी खरंच एका कोऱ्या कागदावर तेवढं लिहिलं. सही तिने केली, माहेरच्या नावाने. चालेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पंधरवडा झाला, खिडकीत विटा आहेत. या आठवड्याला लेख दिला नाही. ऐकणारीच नाही, तर वाचू कुणाला?

आई दिवसभर पडून असते. मध्येच उठून खाट चाचपते, फरशी चाचपते. "पडलं कुठं गं?" विचारते. चहा मी वेळेवर देते, पण तिच्या लेखी वेळच नसते. काल मला म्हणाली, "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात, पण आता मला घरी सोडा."

मी खरं वागले, शहाण्यासारखी वागले आणि त्याची किंमत तिने मोजली. हे बरोबर झालं की चूक, ते एकाही कलमात सापडत नाही. मी शोधलं.

३० मार्च, रविवार

आज सकाळी भलताच प्रकार. वरच्या मजल्याला खिडकी बसवत होते. काचवाले स्वतः परांचीवर, म्हणजे त्या बांबूंच्या फळीवर चढलेले. तिथून ओरडले, "वकीलबाई! जरा खिडकीत उभ्या राहा."

राहिले. सूर्य आमच्या छपरावरून नुकता वर आला होता. त्यांनी काच थोडी कलती केली.

"आलं?"

"काय?"

"आता? आता आलं?"

ऊन माझ्या दंडावर आलं, मग गळ्याशी, मग थेट डोळ्यांवर. मी म्हटलं, आलं, दिसेनासं झालं! त्यावर मोठ्याने हसले. मग पुन्हा काच हलवली, पुन्हा विचारलं. काम तसं दहा मिनिटांचं. पण मला किती तरी वेळ उभं ठेवलं आणि कामगार खाली बसून माना वर करून गंमत बघत होते. एवढं मोजून-मापून काम करणारा माणूस मी पाहिला नाही.

शेवटी तो तुकडा माझ्या बाजूने आत घसरला आणि फरशीवर पडला. आपल्या जुन्या उन्हाहून फिका, पाण्यातून आल्यासारखा किंचित हलणारा. मी मागे वळले. आई खाटेवर उठून बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती.

"आज दुपार सकाळीच आली," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं आणि मला माझ्या नावाने हाक मारली.

मी खिडकीची कड धरून रडले. समोरून दिसत असणार. दिसू दे.

६ एप्रिल, रविवार

नवा कवडसा आता आईच्या सरावाचा झाला. तो खाटेपाशी येतो आणि जास्त खोल न जाता परत खिडकीकडे फिरतो. त्याप्रमाणे आईने दिवसाची फेरमांडणी केली: गोळी आधी, चहा मागून, आणि "संपला दिवस" दुपारच्या जेवणाआधीच. उरलेला दिवस ती वरकमाई समजते.

मी आभार मानायला खाली उतरणार, तोच काचवाले वर आले. मी तोंड उघडलं तर त्यांनी हात पुढे करून थांबवलं.

"थांबा. काही बोलू नका. या वेळी विचारायचं नाही आणि आभारही मानायचे नाहीत. मी तुमचा लेख पाठ केलाय. मी तक्रार करणार नाही, मला दिसतंय, काच मी हलवणार नाही. गुपचूप घेत राहा. वीस वर्षांनी हक्क तुमचा."

"अहो, वीस वर्षांनी मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची असेन!"

"मी ऐंशीचा. जिना चढून येईन साक्षीला."

हा माणूस कायदा इतका मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. मी त्यांना चहा घ्यायला बसवलं आणि त्यांनी पहिल्यांदाच नको म्हटलं नाही.

तेवढ्यात ऊन खाटेपाशी आलं. आईने कपाळाशी हात नेला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बरं हं काचवाले, ऊन घेतलं तुमचं."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी घाईघाईने खोकले. वकील आहे मी, तेवढं कळतं. पण बोललेलं बोललेलं असतं, आणि ऐकणारा समोर कपबशी घेऊन बसलेला.

"न्या की काकू," ते म्हणाले.

म्हणजे उद्यापासून वीस वर्षं पुन्हा पहिल्यापासून. मी काचवाल्यांना तसं बजावून सांगितलं. ते म्हणाले, त्यांची काही हरकत नाही.